आमाच्या शेजारची जागा

गुरुवार, १४ जुलै

पहिली आली ती शेजारची एकुआ बेंट्सिल. पाहुण्यांच्याही आधी. मक्याच्या आंबवलेल्या गोळ्यांचं, केंकीचं, पातेलं चुलीवर तसंच टाकून, कमरेचं कापड सावरत धावत आली आणि म्हणाली, "अबा मानसा, ऊठ, तोंड धू. किल्ल्यात दोन अमेरिकेच्या बायका रडून रडून बसल्यात, आणि तुझा इकाउ त्यांना तुझ्याच घरी आणतोय."

मी म्हटलं, "किल्ल्यात सगळेच रडतात. म्हणून काय सगळ्यांना माझ्या अंगणात आणायचं?"

"आणतोय खरा. आणि थोरलीच्या हातात डबा आहे."

डबा म्हटल्यावर मी तोंड धुतलं.

इकाउ म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. चाळिशी उलटली, लग्नाचं नाव नाही, आणि काम काय, तर लोकांना किल्ला दाखवायचा. केप कोस्टचा मोठा किल्ला बघूनही ज्यांचं मन भरत नाही ते आमच्या लहान किल्ल्याकडे येतात. त्यांना तळघरात नेऊन हा असा काही आवाज लावतो की बाहेर मासे निवडणाऱ्या बायकाही गप्प होतात. मला त्याचा वैताग येतो. लहानपणी या मुलाच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

आल्या. थोरली माझ्याच वयाची, हातात काठी, अंगानं भरलेली, नाव व्हर्नेल. दुसरी तिची भाची डॅनिका, उंच, चेहरा असा की आत्ताच कुणाशी भांडून आलीय. मी स्टुलं पुढे केली, पाणी दिलं. पाहुण्यानं आधी बसावं, पाणी प्यावं, मग घरच्यांनी विचारावं की काय खबर घेऊन आलात, मग पाहुण्यानं सांगावं. एवढं साधं आहे. तर डॅनिका उभीच. पाणी नको म्हणाली, स्वतःची बाटली काढली, आणि उभ्या उभ्या सांगून मोकळी झाली की हॉटेलात लग्नाचं वऱ्हाड उतरलंय, आमची खोली गेली, आम्हाला येत्या सोमवारच्याही पुढच्या सोमवारपर्यंत राहायला जागा हवी.

"अगं बाई, मी अजून विचारलंच नाहीये!"

इकाउ म्हणतो, "मामे, त्यांना ठाऊक नसतं." मला तो मामेच म्हणतो, म्हणजे आई.

"मग तू ठाऊक करून द्यायचंस. किल्ल्यात एवढं बोलतोस, एवढंसं नाही बोलता येत?"

व्हर्नेल मात्र शहाणी. बसली, सगळं पाणी प्यायली, पेला दोन्ही हातांनी परत दिला. मी तिथंच ठरवलं की ही राहील. मागची खोली रिकामीच आहे, माझी आजी आमा राहायची ती.

डबा गोल आहे, निळ्या फुलांचा, घट्ट झाकणाचा. व्हर्नेल तो क्षणभर खाली ठेवत नाही. दुधाची पावडर असणार, तिकडची भारी. पाहुण्यानं आणलेली वस्तू मागायची नसते, आणि त्यानं उजव्या हातानं पुढे करेपर्यंत तिच्याकडे बघायचंही नसतं. मी बघितलं नाही. एकुआनं पोटभर बघितलं.

आमच्या येशूच्या देवळातल्या संध्याकाळच्या वर्गाच्या बाई म्हणतात रोज चार ओळी लिहा, नाहीतर शिकलेली अक्षरं पळून जातील. चारच्या पुष्कळ झाल्या. पण पाहुणे काय रोज येतात?

शनिवार, १६ जुलै

डबा अजून दिला नाही. खिडकीत ठेवलाय. एकुआला मी त्यातली वाटीभर पावडर कबूल करून बसले, आता ती सकाळ-संध्याकाळ विचारते. हिला काय सांगू?

पाहुणे आलेले मला आवडतात, ते सोडा. घरात माणसं असली की चुलीलाही बरं वाटतं. पण ही डॅनिका! भट्टीवर मी मासळी धुरीला लावते, तर ही फोटो काढते, डोळ्यांत धूर गेला की माझ्याकडे असं बघते, जणू धूर मीच तिच्यावर सोडला. दात घासायला बाटलीतलं पाणी. आणि आज सकाळी केंकी आणि तळलेला मासा समोर ठेवला, अजून घास मोडला नाही तोच इकाउला काहीतरी विचारलं. इकाउचा चेहरा उतरला. मला म्हणाला, "मामे, ती विचारते घर किती जुनं आहे."

असं विचारलं नव्हतं. तो इंग्रजी शब्द मला ठाऊक आहे, वर्षानुवर्षं किल्ल्याच्या सावलीत मासे विकलेत मी, दिवसभर तोच कानावर पडतो. तिनं विचारलं होतं की तुमच्या घरात गुलाम होते का. न्याहारीला!

मी म्हटलं, "तिला नीट सांग. आमच्या घरात हे विचारत नाहीत. कोण कुठून आलं, कुणाचं मूळ कुठलं, हे तोंडातून काढायचं नाही. काढलं तर थोरले मेंढा दंड घेतात."

"का म्हणून?" डॅनिका म्हणाली.

"कारण ते वाईट दिसतं." आणखी काय सांगणार? माझ्या आजीनं मला एवढी एकच शिस्त लावली. बाकी ती कशालाच नाही म्हणायची नाही.

दुपारी व्हर्नेलला मागच्या खोलीत पंखा लावून दिला, तेव्हा तिनं आजीबद्दल विचारलं. एवढं ती हातवाऱ्यांनी विचारू शकते, आणि बाजारातलं थोडं इंग्रजी मला येतं. तर मी सांगितलं. आमा आजी बारीक होती, काळी कुळकुळीत, समुद्राकडे पाठ करून बसायची, बोटीला तिनं आयुष्यात पाय लावला नाही. कामाला वाघीण. सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायची, तिला तेच आवडायचं. झोपेत कसलंतरी गाणं म्हणायची, घरात कुणालाच त्यातलं अक्षर कळत नसे. आणि गालांवर तीन-तीन रेघा होत्या, लहानपणी भट्टीच्या जाळीवर पडली होती म्हणून.

व्हर्नेलनं आपल्या दोन्ही गालांवर बोटं ओढून दाखवली. दोन्हीकडे? सारख्याच?

मी म्हटलं, "पडायचं तर नीटच पडावं."

तर ही रडायला लागली. माझा हात धरून बसली, सोडेना. कशालाही रडते ही बाई. भट्टीवर मासळी करपायला आली होती.

रविवार, १७ जुलै

देवळातून परत येताना व्हर्नेलनं मला किल्ल्यात चल म्हटलं. पांढऱ्या लेसच्या झग्यात मी, पायात नव्या चपला. म्हटलं, आत वटवाघळं सोडून आहे काय? मी जन्मात आत गेले नव्हते. आमा आजी तर भिंतीखालच्या वाटेनंही जाऊ देत नसे, बाजाराला जायचं तर खाजणाला वळसा घालून, डोक्यावर टोपली घेऊन, उन्हात. विचारलं का, तर म्हणे तिकडे चिखल असतो. त्या वाटेवर फरसबंदी आहे!

पण व्हर्नेल दारात उभी राहिली, काठी टेकून, माझ्याकडे बघत. तिला एकटीला जायचं नव्हतं. मग काय करता?

इकाउनं सुरुवात केली. हा दरवाजा अमक्यांनी बांधला, ती तोफ तमक्यांनी आणली, वर गव्हर्नरचा दिवाणखाना, आणि बरोबर त्याच्या खाली हे. माझे गुडघे, तो उतार, आणि याचं लांबण. खाली उतरल्यावर भिंतीला एक पट्टा दाखवतो, म्हणतो इथपर्यंत घाण साचायची. मी लेस वर धरली. मग म्हणाला, उत्तरेकडून पायी आणायचे, लहान मुलंसुद्धा. "आणि जहाजं बंद झाल्यावरही त्या वाटेनं माणसं येतच राहिली. इथल्याच घरांतून कामाला ठेवायचे. गालांवर ज्याच्या त्याच्या मुलखाच्या खुणा असायच्या," असं म्हणता म्हणता माझ्याकडे बघून थांबला. टॉर्च बिघडली म्हणाला. सरकारी टॉर्च, बिघडणारच.

समुद्राकडचं दार, जिथून माणसांना जहाजांकडे न्यायचे ते, अगदी अरुंद आहे. आडवं होऊन जावं लागतं. डॅनिका पुढे झाली, व्हर्नेल झाली नाही. डबा तिच्या पिशवीत होता, ती पिशवी तिनं पोटाशी धरली आणि मागे वळली. गुरुवारीही म्हणे याच दारापाशी दोघींचं भांडण झालं होतं. डबा घेऊन किल्ल्यात कशाला फिरायचं मी म्हणते? पावडर ओली होते.

मला तिथं काही झालं नाही. घरी येऊन आंघोळ केली. मग पुन्हा एकदा केली. लेस धुऊन टाकली.

मंगळवार, १९ जुलै

हे मी कसं लिहू? राग आवरत नाही.

मंगळवारी मासे धरायचे नाहीत ही रीत, म्हणून समुद्र बंद, कुणाची बोट नाही, सगळे घरी. एकुआ सरळ वाटी घेऊन आली. लाज नाही, शरम नाही. "पाहुण्यांना आपल्या रीती ठाऊक नसतात असं तुझा इकाउच म्हणतो ना? मग सांग त्यांना, डबा हातात द्यायचा असतो म्हणून."

मी इकाउला म्हटलं, हळूच विचार, तो डबा कुणासाठी आणलाय. त्यानं विचारलं.  व्हर्नेलनं डबा मांडीवर घेतला, झाकणावर तळहात ठेवला आणि काहीतरी म्हणाली.

इकाउ म्हणाला, "मामे, ती म्हणते, ही माझी बहीण ओडेसा."

एकुआची वाटी फुटली.

जाळलीय! अख्खं माणूस जाळून त्याची राख करून डब्यात! मी म्हटलं, "काय म्हणता काय तुम्ही? माणूस म्हणजे लाकूड आहे का? काय केलं होतं त्या बाईनं, की जाळलीत?" व्हर्नेल म्हणाली, तिचीच तशी इच्छा होती, लांब आणायचं तर दुसरा उपाय नाही. डॅनिका म्हणाली, ती माझी आई होती. आणि पहिल्यांदाच त्या पोरीचं तोंड भांडकुदळ दिसायचं थांबलं.

तर गेले पाच दिवस मेलेलं माणूस माझ्या घराच्या खिडकीत होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. ना पूर्वजांना दारूची धार धरली, ना कुणी रडलं, ना कुणी सोबतीला जागलं. उन्हात ठेवली होती तिला! आणि मी येता-जाता त्या डब्यावर फडकं मारत होते, चांगला चकचकीत दिसावा म्हणून. रविवारी लापशी करताना मला वाटलं होतं, आता हिनं दिली तर दोन चमचे... नको. लिहितच नाही. रीत होती म्हणून वाचले.

एकुआ वाटीचे तुकडे तिथंच टाकून पळाली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

बुधवार, २० जुलै

रात्री झोप नाही आली तेव्हा सगळं डोक्यात नीट बसलं. सकाळी व्हर्नेलला भट्टीजवळ बसवलं, इकाउला मध्ये घेतलं, म्हटलं, आता पहिल्यापासून सांग.

ओडेसाची इच्छा होती की जिथून आपल्या लोकांना नेलं तिथं मला परत न्या. ठरलं होतं, त्या समुद्राकडच्या दारातून राख पाण्यात सोडायची. दारात उभी राहिल्यावर व्हर्नेलचा हात उघडेना. म्हणाली, "ओडेसाला पाण्याची भीती वाटायची. आणि त्या दारातून एकदा नेलंच ना? मी पुन्हा तिथूनच तिला बाहेर ढकलू? मला तिला जमिनीत ठेवायचंय."

 ही गोष्ट मात्र तिला बरोबर कळली होती.

पण जमीन म्हणजे काय बाजारात मांडलीय? देवळाच्या दफनभूमीत विचारलं, तिथले धर्मगुरू म्हणाले, आमच्या देवळाची सभासद नाही, वर आधीच जाळलेली. गावाची परक्यांसाठी जागा आहे, खाजणापलीकडे, तिथं डुकरं फिरतात. माझ्या घरातून उठलेलं माणूस डुकरांत? मग राहिली घराण्याची दफनभूमी, नारळींच्या मागे. तिथं घराण्याच्याच माणसाला घालतात, आणि ते ठरवणार एग्या एदुआम. एग्या म्हणजे आमच्या घराण्याचे वडील. माझ्याहून लहानच आहेत, पण वडिलकी मिळाल्यापासून मान अशी ताठ की शर्टाचं वरचं बटण लागत नाही.

डॅनिका म्हणते, सोमवारी विमान आहे, नाही जमलं तर समुद्र आहेच. व्हर्नेलनं ताटाला हात लावला नाही. मी दोनदा गरम केलं. मासा वाळून चालला. उपाशी राहून जमीन मिळते का? म्हातारी बाई आहे, तिला काही झालं तर दोन मयतं होतील माझ्या अंगणात.

गुरुवार, २१ जुलै

जिंकले! आधी तेच लिहिते.

जिनची चांगली बाटली घेतली, व्हर्नेलला माझं काळं कापड नेसवलं, इकाउला घेतलं आणि गेले एग्या एदुआमकडे. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन म्हातारे बसले होते. एकाला ऐकू येत नाही, एकाला दात नाहीत. पाणी झालं, खबर विचारून झाली, मी सगळं रीतसर सांगितलं. एग्यांनी बाटली उजेडात धरून बघितली.

"बाटली चांगली आहे. पण या कोण? यांची आई कोण? मूळ कुठलं? उद्या विमानातून कुणीही उतरेल आणि डबा पुढे करेल."

"एग्या, काय विचारलंत?"

"ऐकलंस की."

"मी ऐकलं. यांनीही ऐकलं. घराण्याच्या अंगणात बसून घराण्याच्या वडिलांनीच विचारलं, कोण कुठून आलं. आता मेंढा कुणी द्यायचा?"

दात नसलेले म्हातारे खोकले. मला वाटतं हसलेच.

"दंड घरच्या माणसाचं मूळ काढलं तर," एग्या म्हणाले. "परक्याला विचारता येतं."

आता काय? चांगलं बोलले, ते मान्य करावं लागेल. पण व्हर्नेल शेजारी बसलेली, माझं कापड नेसलेली, कालपासून पोटात काही नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग ही घरचीच आहे. माझ्या आजीच्या, आमाच्या, बाजूची. नाही म्हणा! पण नाही म्हणायचं तर आमाची बाजू कुठली ते तुम्हाला तुमच्या तोंडानं सांगावं लागेल. सांगा. मी बसलेय."

मी आपलं तोंडाला आलं ते बोलले. पण काय सांगू, तिघांच्या तोंडचं पाणी पळालं! ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही ऐकू आलं. दात नसलेल्यांनी चप्पल काढली आणि पुन्हा घातली. एग्यांनी बाटली खाली ठेवली. 

मग एग्या अगदी हळू म्हणाले, असे ते कधी बोलत नाहीत, "अबा, तू तरी हा विषय काढू नयेस. आम्ही तुला कधी काही जाणवू दिलंय का?"

काय जाणवू दिलं नाही ते त्यांनाच ठाऊक. मला तर त्यांचा तापट स्वभाव लहानपणापासून जाणवतोय. आणि मी का काढू नये? घराण्यात सगळ्यांत वयस्क बाई मी. वडिलकी आमच्या शाखेकडे कधी येत नाही, ते असो, धाकट्या शाखेचं तसंच असतं. पण तोंड तर आहे ना मला?

"आमाच्या शेजारी जागा आहे," एग्या म्हणाले. "तिथं घाला."

"तिथं जागा आहे हे मलाही ठाऊक आहे," मी म्हटलं. आजी एकटीच भिंतीकडेला आहे, तिच्या बाजूला कुणाला जायला आवडत नाही. का कोण जाणे, चांगली सावली आहे तिथं.

त्यांनी बाटली उघडली आणि पूर्वजांना धार धरली. सगळ्यांची नावं घेतात तशी घेतली, आणि शेवटी थांबून आमाचं घेतलं. धार धरताना तिचं नाव मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. जिन खरंच भारी असावी.

एवढं सगळं झालं, आणि इकाउ भाषांतरच करेना! व्हर्नेल विचारतेय काय झालं, काय झालं, आणि हा भिंतीकडे बघून डोळे पुसतोय. किल्ल्यात आवाज आवरत नाही, आणि हवा तेव्हा कुलूप. शेवटी मीच तिला सांगितलं, हातांनी, जमीन दाखवून. घरी येताना इकाउनं माझा हात धरला. म्हटलं, सोड रे, मी काय पडतेय?

व्हर्नेल जेवली. दोन केंकी.

शुक्रवार, २२ जुलै

सुतार डोकं खाणारा माणूस आहे. म्हणतो डब्याच्या मापाची पेटी करतो, पटकन होईल. म्हटलं, ती तर तान्ह्या बाळाची पेटी दिसेल. म्हातारीला बाळाच्या पेटीत घालायचं? लोक काय म्हणतील, आणि तिकडे गेल्यावर तिला कोण मान देईल? पुरी पेटी कर, मोठ्या बाईची. तो म्हणाला, डबा आत गडगडेल. म्हटलं, गडगडू न देण्याचं काम माझं.

दुपारी आम्ही म्हाताऱ्यांनी तिला आंघोळ घातली. म्हणजे डब्यालाच. दुसरं काय करणार? एकुआ येणार नाही वाटलं होतं, तर पहिली तीच आली. मऊ घोसाळ्याचा चोथा, लिंबू, नवा साबण. कुणाला पाय कुठं नि डोकं कुठं कळेना. एकुआ म्हणाली, झाकण म्हणजे डोकं. मग झाकण आधी. व्हर्नेल दारात उभी होती, तिला आत घेतलं. डॅनिकाला मी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली, फोन बाहेर ठेवून. मी चोथा तिच्या हातात दिला. चुकीच्या बाजूनं चोळायला लागली. चोळू दिलं.

नाव घेऊन निरोप द्यायचा तर वार लागतो, आमच्यात जन्मवारावरूनच नाव पडतं. कुठल्या वारी जन्मली होती? डॅनिकाला ठाऊक नाही. आईचा जन्मवार ठाऊक नाही! व्हर्नेल म्हणाली, ईस्टरच्या दिवशी, आई देवळातून परत येताना. म्हणजे रविवार. म्हणजे एसी. जन्मभर बिचारी एसी होती आणि कुणी तिला सांगितलं नाही.

शनिवार, २३ जुलै

पाय सुजलेत. उद्या लिहीन.

रविवार, २४ जुलै

काल गाव लोटलं होतं. मला वाटलं होतं चार टाळकी येतील. काळी-तांबडी कापडं नेसून बाजारातल्या सगळ्या आल्या, अर्ध्या जाळलेली बाई बघायला आल्या, पण रडायला लागल्यावर सगळ्या सारख्याच रडल्या. पेटीत मी माझी दोन जुनी कापडं गुंडाळून बसवली, मध्ये डबा, वर रुमाल, साबण, आरसा. उचलणाऱ्यांचे हाल झाले. पेटी मोठी, वजन काहीच नाही. जड पेटीची सवय, त्यामुळे सगळे वेगवेगळी पावलं टाकत होते. एकजण म्हणाला, "आजी, ही तर उडून जाईल." म्हटलं, "घट्ट धर, आत्ताच आलीय."

वाट किल्ल्याच्या भिंतीखालून होती. पेटी घेऊन खाजणाला वळसा कोण घालणार? मीही तिथूनच गेले. चिखल नव्हताच.

एग्या एदुआम आले, नव्या शर्टात, वरचं बटण उघडं. माती पहिल्यांदा त्यांनी लोटली. माझ्याकडे बघितलं नाही. हरलेला माणूस कसा बघेल? नंतर कुणाच्या तरी हाती मेंढ्याची एक तंगडी घरी पाठवली. मी उलट निरोप धाडला, दंड तर तुम्हीच माफ करून घेतलात.  त्यांचं काही कळत नाही मला.

आज देवळात आभाराची प्रार्थना झाली. व्हर्नेल गायली. आवाज एवढा मोठा की धर्मगुरू आपली ओळ विसरले. बुधवारी परत पाठवलं होतं ना आम्हाला? बरं झालं.

सोमवार, २५ जुलै

गेल्या. घर भकास वाटतंय, आणि भट्टीत काल रात्रीची मासळी तशीच, आणि एकुआ फुटलेल्या वाटीबद्दल कुरकुरतेय.

गाडी उभी, डॅनिका सामान भरतेय, विमानाची घाई, आणि व्हर्नेल म्हणते एकदा नारळींच्या मागे जाऊन येऊ. गेलो. तिनं ओडेसाच्या मातीवर समुद्रावरून वेचलेला एक शिंपला ठेवला. मग दुसरा काढला आणि आमाच्या थडग्यावर ठेवला. वाकून, गुडघ्यावर हात देऊन, बराच वेळ तिथंच. मी म्हटलं, अगं, तुझी बहीण इकडे. ती म्हणाली, ठाऊक आहे. आजीच्या थडग्यावर आजवर कुणी काही ठेवलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला सुचलंच नव्हतं. मग मीही शोधून एक ठेवला. वाऱ्यानं जाईल, जाऊ दे, दुसरा ठेवीन.

आमाच्या दुसऱ्या बाजूची जागा माझी आहे, ते मी तिला दाखवलं. तिनं काठीनं जमीन मोजल्यासारखी केली, आणि माझ्या जागेच्या पलीकडे काठी टेकवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आधी एग्यांना विचारावं लागेल बाई. आणि या वेळी जाळून घेऊ नकोस." इकाउनं हे तिला सांगितलं. ती हसली ते गाडीत बसेपर्यंत.

डॅनिकानं पाणी मागितलं. माझ्या माठातलं. पेला दोन्ही हातांनी परत दिला. आता कळलं, जाताना!

वर्षश्राद्धाला येणार म्हणाल्या, दोघी. मी म्हटलं, जुलैत भट्ट्या भरलेल्या असतात, मला श्वास घ्यायला फुरसत नसते, नोव्हेंबरात या. व्हर्नेल ऐकेना. बरं, म्हटलं, या, पण मंगळवारी येऊ नका, समुद्र बंद असतो, ताजं काही घालता येणार नाही. इकाउनं फोनवर बघून सांगितलं, पुढच्या वर्षी त्या आठवड्यातला शनिवार बावीस तारखेला येतो.

बावीस जुलै, शनिवार.